समईचे गोत्र

गेल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवात जो घोटाळा झाला, तो बहुतेक सभासद कुटुंबांस ठाऊक आहे. ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी तो येथे आरंभी सांगणे अवश्य आहे. कारण त्याचा दोष सर्वस्वी आमच्याकडे येतो, आणि प्रस्तुत लेख हे एका अर्थी त्याचेच प्रायश्चित्त होय.

उत्सवाच्या पत्रिकेचा मजकूर दरवर्षी आमचे तीर्थरूप लिहितात. गेल्या वर्षी ते काम आमच्याकडे आले. जुनी पत्रिका समोर ठेवून आम्ही मजकूर तयार केला व तो मंडळींस वाचून दाखविला. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी अशी सूचना केली की, देवाच्या पत्रिकेत परभाषेतील शब्द नसावेत. निदान फारसी-अरबी तरी नसावेत. सूचना आदरणीय व्यक्तीची, आणि आमचा उत्साहही नवा. त्याच रात्री आम्ही लेखणी घेऊन बसलो. ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ घातला, ‘हजर’च्या जागी ‘उपस्थित’ केले, ‘बंदोबस्ता’ची ‘व्यवस्था’ झाली. इतके सुरळीत पार पडले. पुढे ओळ होती ती अशी की, सुवासिनींनी आपापल्या घरची एकेक समई घेऊन यावे. ‘समई’ हा शब्दही मुळात परका, असे आम्ही कोठेसे वाचले होते. म्हणून आम्ही तेथे ‘दीपपात्र’ असे छापले.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. कोणी पणत्या आणल्या, कोणी निरांजने आणली, एका घरून तर काचेचा कंदील आला. गाभाऱ्यापासून सभामंडपाच्या पायऱ्यांपर्यंत समयांच्या दोन रांगा लावावयाच्या होत्या, तेथे मंदिराच्या मालकीच्या तीन समया तेवढ्या उभ्या राहिल्या. एक आजी आम्हांस बाजूस घेऊन म्हणाल्या, “बाळा, समई म्हणाला असतास तर माहेरची कंबरेइतकी उंच समई आणली असती की रे! दीपपात्र म्हणजे आम्ही समजलो पणती.” तीर्थरूप काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पूजेची उपकरणी घासताना त्यांनी समई आमच्या हाती दिली आणि एवढेच विचारले, “हिचे गोत्र तुला कळले होते ना? मग बाकीच्यांचेही पाहून घे.”

आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. भाषाशास्त्राचा अभ्यास आम्ही केलेला नाही. तथापि घरी मोल्सवर्थच्या कोशाची एक जीर्ण प्रत आहे. हा कोश प्रथम 1831 मध्ये व सुधारून 1857 मध्ये निघाला, आणि त्यात शब्दापुढे तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी याची अक्षरखूण दिलेली असते. तो कोश, ग्रंथालयातील काही पुस्तके आणि या शहरातील शेजारीपाजारी एवढ्या सामग्रीवर गेले वर्षभर जे गोळा झाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम समईच घेऊ. अरबीत ‘शमा’ म्हणजे मेण, मेणबत्ती, दिवा. उर्दू काव्यात शमा आणि परवाना, म्हणजे ज्योत आणि पतंग, ही जोडी या शहरात कोणास अपरिचित आहे? त्याच ‘शमा’शी कोशकार आपल्या समईचा संबंध जोडतात. तिच्याशेजारी पूजेसाठी जे तबक ठेवलेले असते, ते अरबी ‘तबक’ म्हणजे ताट. विठ्ठलाच्या भाळी लागणारा अबीर अरबी. मूळ अर्थ सुगंधी द्रव्यांचे मिश्रण. अत्तर अरबी. गुलाब हा फारसीतील ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी यांचा समास. म्हणजे आपण आज ज्यास गुलाबपाणी म्हणतो त्यात पाणी दोनदा आले. गुलाल त्याच फारसी घराण्यातला. काकड आरतीस वाजणारा नगारा अरबी ‘नक्कारा’, त्याच्या मुळाशी ठोकण्याचा धातू आहे. सनई फारसी, तिच्यातील शेवटचा भाग ‘नाय’ म्हणजे वेळूची नळी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हा शब्द फारसी ‘शीरा’ म्हणजे पाक यापासून आला. आणि कीर्तनकारांचा सत्कार आपण शाल-श्रीफळ देऊन करतो, त्यातील श्रीफळ संस्कृत व शाल फारसी!

मग शुद्ध काय उरले? नारळ उरला म्हणावे, तर संस्कृतातील ‘नारिकेल’ हा शब्द दक्षिणेतील द्राविड भाषांतून तेथे गेला असे भाषापंडित मानतात. फार काय, ‘पूजा’ हाच शब्द द्राविड मूळचा असावा असे काही पंडितांचे मत आहे, आणि काहींस ते मान्य नाही. या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या दिवशी आम्हांस हे कळले, त्या दिवशी समई हटवून दीपपात्र आणणारी आमची लेखणी आम्हांलाच हास्यास्पद वाटली.

एकादशीच्या फराळाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. धान्य वर्ज्य म्हणून आपण साबुदाणा खातो. ‘सागू’ हा मलय भाषेतील शब्द. तिकडील एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातील पिठाचे ते नाव. आज आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचा नसतोच. तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका कंदाच्या पिठाचा असतो, आणि तमिळनाडूत सेलमच्या बाजूस त्याचे मोठे कारखाने आहेत. नाव एका झाडाचे, वस्तू दुसऱ्याची. बटाटा हा कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा शब्द, स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला. त्यांच्याकडे तो रताळ्यास लावीत. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिकेकडचीच, 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती येथे आली. तिचे नाव मात्र अस्सल घरचे आहे: संस्कृतात ‘मरीच’ म्हणजे काळे मिरे, आणि नव्या तिखट पाहुणीस आपण जुन्या तिखटाचेच नाव दिले. अशा रीतीने आपली खिचडी तीन खंडांतून शिजत आली आहे, आणि तिने एकादशी मोडल्याचे आजवर कोणत्याही शास्त्रीबोवांनी सांगितलेले नाही.

हे शब्द केव्हा आले, याचा माग बऱ्यापैकी लागतो. ज्ञानेश्वरी 1290 ची. तिच्यात अरबी-फारसी शब्द शोधून काढावे लागतात, इतके ते विरळ. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे बहामनी राज्य झाले, त्याच्या पाच शाह्या झाल्या, आणि तीनशे वर्षे कचेरीची भाषा फारसी राहिली. जो शब्द कचेरीत तोच वाड्यात, जो वाड्यात तोच चावडीवर. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांपर्यंत येऊन पाहावे तो चित्र पालटलेले दिसते. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दौलताबादचे किल्लेदार. कचेरीची लिखापढी शिष्याच्या नित्य परिचयाची. एकनाथांनी ‘अर्जदस्त’ नावाचे एक रूपक रचले आहे. त्यात जीव परमेश्वराकडे सरकारी थाटाचा अर्ज करतो. ज्या भाषेत रयतेचे गाऱ्हाणे दरबारी ऐकले जात होते, त्याच भाषेत नाथांनी ते देवाच्या दरबारी घातले. नाथांस संस्कृत येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

येथे शुद्धीच्या बाजूचे म्हणणे मांडले नाही तर आमचा लेख एकांगी होईल. ते म्हणणे हलके नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, त्यात राज्यकारभारातील सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशवा हा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सरनोबत सेनापती झाला. स्वतःचे राज्य झाले की राज्याचे शब्दही स्वतःचे असावेत, हा त्यामागील विचार. आणि तो करणारा राजा 1677 च्या आरंभी आपल्या याच शहरी, तेव्हाच्या भागानगरात, अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीस आला होता. तो तह जमविण्यात ज्यांचा हात होता ते रघुनाथ नारायण हणमंते, त्यांनाच पुष्कळ विद्वान या कोशाचे कर्ते मानतात. म्हणजे परक्या शब्दांस पर्याय देणारा पंडित आणि भागानगरच्या दरबाराशी सख्य जोडणारा मुत्सद्दी एकच! आपण हैदराबादकरांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या कोशाचे पुढे काय झाले? अमात्य, सचिव, सेनापती हे शब्द टिकले. त्यांतील सचिव तर आज मंत्रालयांतून रोज कानी पडतो. परंतु पंतप्रधानपद ज्या घराण्याकडे वंशपरंपरेने गेले, त्यास इतिहास ‘पेशवे’ म्हणूनच ओळखतो, आणि पेशवा हा फारसी शब्द आहे. फडणवीस, चिटणीस, मुजुमदार ही आडनावे झाली. आडनाव कोण शुद्ध करून घेणार? विसाव्या शतकात सावरकरांनी हीच चळवळ पुन्हा उभी केली. दिनांक, क्रमांक, महापौर हे त्यांनी रूढ केलेले शब्द आज कोणी नवे म्हणून ओळखणारही नाही. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, मराठीत गझल आणली, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी होऊन त्या विषयावर ग्रंथ लिहिते झाले. फारसी न जाणणाऱ्याने फारसी शब्द टाकणे वेगळे. माधवरावांनी ते जाणून टाकले. आमच्यासारख्याने रात्रीतून पत्रिका शुद्ध करावी, यास मात्र काय म्हणावे?

आता या गावाकडे वळू. आपले आजे-पणजे मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतून किंवा पुण्या-साताऱ्याकडून येथे आले, तेव्हा हे शहर निजामच्या राज्याची राजधानी होते. कोर्ट, कचेरी, महसूल सारे उर्दूत. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक व कायदाही उर्दूतून शिकवीत. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला, आणि आपण येथेच राहिलो. त्यामुळे वकील, दावा, जामीन, मुदत हे शब्द पुण्याच्या मराठीत असले तरी आपल्या घरांत ते अधिक पिकलेले आहेत.

परंतु देवघेव एकतर्फी कधीच नव्हती. चारमिनारच्या बाजारात काही विकत घेऊ पाहा. दुकानदार आणखी काही पुढे करील आणि आपण नको म्हणण्याआधीच त्याच्या तोंडून ‘नक्को?’ असा प्रश्न येईल. हा हैदराबादच्या दखनीतील ‘नक्को’ म्हणजे आपला मराठी ‘नको’. लखनौकडचा मनुष्य त्यावरून हैदराबाद्यास ओळखतो. तसाच तो ‘च’. ‘कलच आया’, ‘ऐसाच बोला’ असे ज्यास सहज म्हणता येते, त्याने मराठीचा ‘च’ जसाच्या तसा उचलला आहे. पाचशे वर्षे आपण फारसीपासून शेकडो शब्द घेतले हे खरे. त्याबदली आपण दखनीस नकार आणि निश्चय दिला. हा सौदा वाईट झाला असे आम्हांस वाटत नाही. (सौदा हा शब्दही फारसीच, हे येथेच कबूल करून टाकतो.)

तेलुगूशी आपले नाते याहूनही जुने व आतले आहे. ते स्वयंपाकघरात आणि माजघरात आढळते. तूप हे कानडी ‘तुप्प’. अडकित्त्यातील ‘अड’ म्हणजे कानडी ‘अडके’, सुपारी. अण्णा व अक्का हे शब्द तेलुगूत व कानडीत याच नात्यांसाठी चालतात. ‘ताई’ मात्र गंमतीची: कानडीत ‘तायी’ म्हणजे आई, आपल्याकडे थोरली बहीण. थोरल्या बहिणीने धाकट्यांस वाढविले की अर्थाने एवढे अंतर सहज चालून यावे.

या विषयातील सर्वांत चांगला धडा आमच्या मातोश्रींनी आम्हांस दिला. शेजारच्या तेलुगू काकूंची सून आपल्या सासूस ‘अत्तय्या’ व सासऱ्यास ‘मामय्या’ म्हणते. तेलुगूत ‘अत्त’ म्हणजे वडिलांची बहीण आणि सासूही. ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ आणि सासराही. कारण तिकडे आत्याच्या किंवा मामाच्या घरी मुलगी देण्याची चाल. आत्या तीच सासू होते, मग दुसरा शब्द हवा कशास? आम्ही हे मोठ्या विद्वत्तेने घरी सांगितले. मातोश्री तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, “त्यात नवल ते काय? मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आजोबांना मामंजी आणि आजीला आत्याबाई म्हणत होते. तुला काय वाटले, ते माझे मामा होते?” आम्ही निरुत्तर झालो. मामंजी व आत्याबाई हे शब्द आम्ही जन्मापासून ऐकले. परंतु त्यांच्यात मामा आणि आत्या उभे आहेत, हे कधी ध्यानी आले नाही. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची रीत अनेक कुळांत होती व आहे. लग्नाची रीत काही घरांतून गेली, हाक मात्र राहिली. आजच्या सुना ‘आई-बाबा’ म्हणतात, आणि त्यात वाईट काही नाही. तरी मामंजी हा शब्द बोलणारी शेवटची पिढी घरात असेल, तर तिच्यापाशी बसून असे शब्द ऐकून घ्यावेत.

कोणाचे शब्द कोणाकडे गेले हे ठरविताना घाई मात्र करू नये. कानडीतील ‘अज्जी’ आपल्या ‘आजी’सारखी दिसते, तेथे दिशा उलटी आहे, संस्कृत ‘आर्य’, प्राकृत ‘अज्ज’ यांवरून तो शब्द दक्षिणेस गेला. तेलुगू, तमिळ व कानडी यांचे कूळ संस्कृताहून वेगळे आहे, हे मद्रासच्या एलिस साहेबांनी 1816 मध्ये एका तेलुगू व्याकरणाच्या प्रस्तावनेत प्रथम दाखवून दिले. कूळ वेगळे असूनही संस्कृत शब्दांची रेलचेल तेलुगूत आपल्याइतकीच आहे, आणि तेथेच आपली मुले फसतात.

ज्या पत्रिकेत आम्ही समई घालविली, तिच्यातच शेवटी ‘सर्वांचे कल्याण व्हावे’ असे वाक्य होते. आमचे एक तेलुगू स्नेही देवनागरी वाचतात. त्यांनी विचारले, “कल्याणम् किती वाजता?” तेलुगूत कल्याणम् म्हणजे विवाह. भद्राचलम येथे रामनवमीस सीतारामांचे कल्याणम् होते, त्यास लक्षावधी लोक जातात. सर्वांचे कल्याण म्हणजे सामुदायिक विवाह असावा, असा त्यांचा समज झाला! अर्थ त्यांचा चुकीचा नव्हता. मंगल तो विवाह, विवाह ते मंगल, आणि आपणही विवाहाच्या जागेस मंगल कार्यालय म्हणतोच.

‘संसार’ आणि ‘प्रपंच’ हे शब्द पाहा. हिंदीत ‘संसार’ म्हणजे जग. मराठीत संसार म्हणजे घर, चूल, मुलेबाळे. तेलुगूतही ‘संसारम्’ म्हणजे तेच. तेलुगूत ‘प्रपंचम्’ म्हणजे जग, परंतु मराठीत प्रपंच म्हणजे पुन्हा घरच! वेदान्त्यांच्या पुस्तकातील दोन्ही भारी शब्द मराठी माणसाने चुलीपाशी आणून ठेवले. हे आमच्या कीर्तनकारांचे कर्तृत्व असावे असे आम्हांस वाटते. श्रोत्यांस जगाचा पसारा समजावयाचा तर घरातल्या पसाऱ्यावाचून दुसरा दृष्टान्त कोणता? तशीच ‘शिक्षा’. वेदाच्या सहा अंगांत शिक्षा हे एक अंग, उच्चाराचे शास्त्र. आमचे तीर्थरूप आम्हांस तेच शिकवीत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत व तेलुगूत शिक्षा म्हणजे दंड. आमच्या बालपणीच्या अनुभवावरून सांगावयाचे तर दोन्ही अर्थांत फारसे अंतर नसे.

रस्त्यावरील फुलवाल्यास दोन हार पुरेत म्हणून सांगावयाचे तर तेलुगूत ‘अवसरम् लेदु’ म्हणतात, गरज नाही. आपल्याकडे अवसर म्हणजे सवड, संधी. तेलुगूत ‘उपन्यासम्’ म्हणजे व्याख्यान आणि हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी; आणि ‘कादंबरी’ हे तर सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका ग्रंथाचे नाव, जे मराठीने व कानडीने त्या सर्व जातीच्या पुस्तकांस दिले. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू शिकणे अनिवार्य झाले आहे. मुले शाळेत एक अर्थ शिकतात व घरी दुसरा ऐकतात. त्यांस ‘तुझे चुकले’ म्हणण्यापूर्वी कोणत्या भाषेतील अर्थ ते सांगत आहेत हे विचारावे, एवढी पालकांस विनंती आहे.

मंदिरात श्रावणात नामसप्ताह होतो, आणि सप्ताहाच्या मंडपासाठी घेतलेल्या सामानाचा हप्ता पुढे कार्तिकापर्यंत फेडावा लागतो. यातील सप्ताह पवित्र आणि हप्ता व्यावहारिक असे आपण मानतो. वास्तविक हे दोघे सख्खे चुलतभाऊ आहेत. संस्कृत ‘सप्त’ तेच फारसी ‘हफ्त’. आपल्या ‘स’च्या जागी इराणात ‘ह’ येतो, जसे सिंधूचे हिंदू झाले. सप्ताह म्हणजे सात दिवस, हप्ता म्हणजेही सात दिवसांचा आठवडा. आठवड्याने द्यावयाचा पैसा म्हणून तोही हप्ता. सहस्र व हजार, मास व माह, घर्म व गर्म, बद्ध व बंदोबस्तातील बस्त, हे सारे त्याच भावकीतले. ग्रीकांत सप्ताचे ‘हेप्ता’, लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’. सप्टेंबर हा जुन्या रोमन पंचांगातील सातवा महिना. या सर्व भाषा एका मुळातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले, आणि पुढील विद्वानांनी ते सिद्ध केले. म्हणजे आम्ही जो ‘बंदोबस्त’ परका म्हणून पत्रिकेतून हाकलला, त्याच्या अंगी आमच्याच ‘बंध’ धातूचे रक्त होते.

तथापि हा छंद लागला की एक धोका संभवतो, तोही सांगितला पाहिजे. पूजेच्या संकल्पात यजमानास गोत्र विचारतात. ज्यास ठाऊक नसेल त्यास काश्यप गोत्र देऊन गुरुजी पुढे चालू लागतात. विधी अडू नये म्हणून ते ठीकच आहे. परंतु शब्दांच्या बाबतीत काही मंडळी अशीच प्रत्येक अनोळखी शब्दास संस्कृत गोत्र बहाल करतात. इस्त्रीचा संबंध स्त्रीशी जोडणारे एक गृहस्थ आम्हांस भेटले. कपडे स्त्रियाच नीट करतात, असे त्यांचे कारण. इस्त्री हा शब्द पोर्तुगीज आहे, ताणून सरळ करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. चावी, परात, घमेले, पगार हे त्याच गलबतातून उतरलेले. आवाज जुळला की नाते जुळले, असे समजणे म्हणजे दोन कुळकर्ण्यांस भाऊ ठरविण्यासारखे आहे.

ज्या ज्येष्ठांनी मूळ सूचना केली होती, त्यांस आम्ही हे टिपण दाखविले. त्यांचे मत बदलले नाही, आणि ते बदलावे असा आमचा हट्टही नाही. त्यांचा एक मुद्दा आम्हांस पूर्ण पटला: ‘दिनांक’ सर्वांस समजतो, तो ठेवण्यास हरकत कोणती? त्यावर आम्ही त्यांस नम्रपणे एवढेच म्हणालो की, उत्सवानंतर आपण दूरध्वनीवरून ‘फंक्शन छान झाले’ असे म्हणालात; अरबी समई चारशे वर्षे आपल्या घरी तेवली तरी परकी, आणि काल आलेले फंक्शन घरचे कसे? ते मोकळेपणी हसले. या गावात लग्नमुंजीपासून बारशापर्यंत सर्वांस फंक्शनच म्हणतात, त्यांचा एकट्याचा तो दोष नव्हे.

तेव्हा यंदाच्या पत्रिकेचा मजकूर उभयतांनी बसून केला आहे. त्यात ‘दिनांक’ आहे, ‘उपस्थित’ आहे. अबीर, गुलाल, सनई व शिरा जागच्या जागी आहेत. ‘बंदोबस्त’ पादत्राणांपुरता परत आला आहे. ‘फंक्शन’ नाही.

वाचकांस एक प्रार्थना आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेले, पुण्या-मुंबईच्या मराठीत सहसा न आढळणारे शब्द, मग ते तेलुगूचे असोत, दखनीचे असोत की मराठवाड्याचे, आम्हांस आषाढी एकादशीपूर्वी कळवावेत. शब्द, तो घरात कोणत्या अर्थाने वापरतात, आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला, इतके लिहिले म्हणजे पुरे. व्युत्पत्ती न लिहिल्यास अधिक बरे. पत्र मंदिराच्या कार्यालयात द्यावे किंवा आरतीच्या वेळी प्रत्यक्ष आमच्या हाती द्यावे. आणि त्रिपुरी पौर्णिमेस प्रत्येक घरून एक समई आणावी. वाती व तेल मंदिरातर्फे मिळेल.